डेड हीट (१९८८): मेलेला अधिकारी, बडबड्या जोडीदार आणि उरलेले बारा तास

रात्रीचा खेळ (धागाकर्ता)

सुरुवातीलाच सांगून ठेवतो की पुढे या चित्रपटाची कथा अगदी शेवटापर्यंत उघड केलेली आहे. ज्यांना तो कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी येथूनच मागे फिरावे.

मार्क गोल्डब्लाट यांनी दिग्दर्शित केलेला 'डेड हीट' मी गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळी झालेली चिडचिड या वेळीही तशीच झाली. फरक इतकाच की ती कशामुळे होते हे आता मला नेमके सांगता येईल असे वाटते. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यातील रॉजर मॉर्टिस (ट्रीट विल्यम्स) आणि डग बिगेलो (जो पिस्कोपो) हे दोन तपास अधिकारी जवाहिऱ्याच्या दुकानावरील दरोड्याच्या ठिकाणी पोहोचतात, तेव्हा कितीही गोळ्या घातल्या तरी दरोडेखोर पडत नाहीत. मोठ्या मुश्किलीने ते पडल्यावर शवागारात कळते की ही प्रेते याच टेबलावर पूर्वी एकदा येऊन, चिरली जाऊन पुन्हा शिवली गेलेली आहेत. प्रेतांत सापडलेल्या एका रसायनाचा माग काढत दोघे दांते नावाच्या औषध कंपनीत जातात. तेथे प्राणी मारण्यासाठी असलेल्या, हवा काढून घेणाऱ्या बंद खोलीत रॉजर कोंडला जातो आणि गुदमरून मरतो, आणि मग त्याच इमारतीत सापडलेल्या यंत्रावर डग व शवचिकित्सक रिबेका त्याला परत उठवतात. अशा उठवलेल्या माणसाला साधारण बारा तास मिळतात. त्यानंतर त्याचे शरीर सडून विरघळते.

आता या कल्पनेत काय काय दडले आहे ते पाहा. माणूस स्वतःच्याच खुनाचा तपास करतो आहे, त्याचे शरीर हाच त्या खुनाचा पुरावा आहे, आणि तेच शरीर त्याच्या हातातले घड्याळही आहे, कारण कातडी जसजशी उतरत जाते तसतसा वेळ संपत चालल्याचे त्याला आणि आपल्याला दिसते. विल्यम्स यांनी हे ओळखून काम केले आहे. मेल्यानंतरचा रॉजर सुरुवातीला गोंधळतो, मग एका विचित्र मोकळेपणाने वागू लागतो, आणि पुढे त्याच्या चेहऱ्यावर एक थंड चीड उतरते, जी रंगभूषेच्या थरांखालूनही दिसते.

आणि या सगळ्याच्या शेजारी डग उभा आहे, ज्याला एकही वाक्य साधे बोलता येत नाही. समोर मित्राचे प्रेत उठून बसले आहे, त्याची छाती ठोकत नाही, हात गार पडले आहेत, आणि डग शाब्दिक कोट्या करतो आहे. जोडगोळीच्या चित्रपटात एक गंभीर आणि एक वाचाळ असावा हा शिरस्ता मला ठाऊक आहे. पण त्या वाचाळपणाला कोठेतरी खीळ बसावी लागते, आणि ज्याला बघून ती बसावी असा मुडदाच समोर असताना ती बसत नसेल तर दोष लेखनाचा आहे. १९८१ च्या 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये मेलेला जॅक आपल्या मित्राला पुन्हा पुन्हा भेटायला येतो, दर भेटीत अधिक कुजलेला असतो, आणि तरीही अगदी पूर्वीच्याच मित्रत्वाच्या सुरात बोलत त्याला आत्महत्येचा सल्ला देतो. तेथे हसू येते ते त्या सुरामुळे, कोट्यांमुळे नव्हे, आणि त्या हसण्यात भीती व दुःख दोन्ही शिल्लक राहतात.

जाता जाता एक विचार मनात आला. वेताळाच्या गोष्टींत प्रेत बोलते आणि ते वाहून नेणाऱ्या राजाने तोंड उघडले की खेळ फिसकटतो. येथे प्रेत गप्प आहे आणि त्याला घेऊन फिरणारा माणूस मात्र क्षणभरही गप्प बसत नाही. खेळ येथेही फिसकटतोच, असे माझे मत आहे. आपणा सर्वांना काय वाटते?

मागची रांग

धागा आवडला, पण डगविषयीचा निष्कर्ष मला मान्य नाही. डग मित्राच्या मरणावर विनोद करत नाही, तर मित्र मेला आहे हे वाक्य उच्चारण्याची वेळ येऊ नये म्हणून तो सतत काहीतरी बोलत राहतो, असे मी त्याच्याकडे पाहतो. इस्पितळाच्या बाकावर बसलेला एखादा नातेवाईक अकारण गप्पा मारत सुटतो, तेव्हा त्याला दुःख झालेले नाही असे आपण म्हणत नाही. रॉजरला यंत्रावर घालण्याचा आग्रह धरणाऱ्यांत डग असतो हे विसरू नये. त्याने मित्राला बारा तासांसाठी परत मागितले आहे आणि त्या बारा तासांत तो मित्राशी कालपर्यंत जसा वागत होता तसाच वागतो आहे. मरणाऱ्या माणसाला याहून मोठे सौजन्य कोणते दाखवता येते?

सगळ्या कोट्या चांगल्या आहेत असा माझा दावा नाही. पिस्कोपो १९८० ते १९८४ या काळात 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये होते आणि त्या कार्यक्रमात प्रत्येक वाक्यानंतर हशा मिळवण्याची जी सवय लागते ती येथेही त्यांच्या अंगात उरलेली दिसते. तीनपैकी दोन कोट्या फुकट जातात, आणि स्त्रियांविषयीच्या तर जवळपास सगळ्याच. पण पात्राची घडण चुकली आहे असे म्हणणे आणि त्या पात्राला दिलेली वाक्ये सुमार आहेत असे म्हणणे, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि आपण त्या एकाच पिशवीत भरल्या आहेत.

अर्ध्यावर सोडला

मी हा चित्रपट पाऊण तासानंतर बंद केला होता, त्यामुळे मत देण्याचा अधिकार मला किती आहे कोण जाणे. रॉजर मेला तेव्हा मला खरोखर वाईट वाटले, आणि पुढच्या दहा मिनिटांत चित्रपटाने त्याबद्दल मलाच वेड्यात काढले असे वाटले. धागाकर्त्यांशी सहमत.

कातरकाम

गोल्डब्लाट यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट आहे, पण मूळचे ते संकलक आहेत, आणि तेही साधेसुधे नव्हेत. १९८४ चा 'द टर्मिनेटर' आणि १९८५ चा 'कमांडो' या दोन्हींवर त्यांची कात्री चाललेली आहे, आणि पुढे 'टर्मिनेटर २'च्या संकलनासाठी त्यांना इतर दोघांसह ऑस्करचे नामांकनही मिळाले. हे ठाऊक असले की 'डेड हीट'चे गुण आणि दोष दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात हे लक्षात येते. जेमतेम दीड तासाच्या आत आटोपणाऱ्या या चित्रपटात रेंगाळणारे असे एकही दृश्य नाही. दरोड्यापासून शवागारापर्यंत, तेथून औषध कंपनीपर्यंत आणि तेथून रॉजरच्या मृत्यूपर्यंत आपण इतक्या झपाट्याने पोहोचतो की कथेतली भोके दिसण्यापूर्वीच मागे पडलेली असतात.

परंतु ज्या क्षणी थांबायला हवे तेथेही ते थांबत नाहीत. रॉजर यंत्रावरून उठतो तो प्रसंग पुन्हा पाहा. आपल्या छातीत ठोका नाही हे कळल्यावर माणूस निदान दोन श्वासांइतका वेळ तरी स्तब्ध होईल, आणि येथे तर श्वासही त्याच्या सवयीचा भाग म्हणूनच उरला आहे. त्या दोन क्षणांत सगळा चित्रपट मावला असता. पण पुढची कोटी तयार असते आणि कात्री लगेच तिच्याकडे वळते. म्हणून माझे मत असे की डगला दोष देण्याऐवजी त्याच्या वाक्यानंतर जागा न सोडणाऱ्या माणसाला द्यावा. तेच वाक्य, पिस्कोपो यांनी तसेच म्हटलेले, पण त्यानंतर विल्यम्स यांच्या चेहऱ्यावर तीन सेकंद थांबलेला कॅमेरा, एवढ्याने सगळा अर्थ पालटला असता.

लेखक टेरी ब्लॅक हे शेन ब्लॅक यांचे भाऊ, आणि शेन ब्लॅक यांनी लिहिलेला 'लीथल वेपन' आदल्याच वर्षी, म्हणजे १९८७ मध्ये आलेला. तेथे वाचाळ अधिकाऱ्याच्या विनोदामागे त्याची मरण्याची इच्छा आहे हे आपल्याला आरंभीच दाखवले जाते, आणि मग त्याचा प्रत्येक विनोद आपण धास्तावून ऐकतो. जोडगोळीचा साचा दोन्हीकडे एकच आहे. येथे मात्र मरणाची बाजू एकाच्या वाट्याला आणि विनोद दुसऱ्याच्या, अशी काटेकोर वाटणी करून टाकली आहे.

निदान

मी या क्षेत्रात काम करतो म्हणून एक शारीरिक बाजू मांडतो, कारण नायकाचे नावच आमच्या पुस्तकातून उचललेले आहे. मृत्यूनंतर स्नायू ताठरतात त्या अवस्थेला 'रिगर मॉर्टिस' म्हणतात आणि रॉजर मॉर्टिस हा त्याचाच विनोदी अवतार आहे. स्नायू आखडल्यानंतर सैल पडण्यासाठीही ऊर्जा लागते. मृत्यूनंतर ती ऊर्जा पुरवणारे द्रव्य पेशींत तयार होईनासे होते, आणि स्नायूंचे तंतू एकमेकांना घट्ट धरून बसतात. सामान्य तापमानात हे ताठरणे दोन ते चार तासांत जबडा आणि मान येथे जाणवू लागते आणि साधारण बाराव्या तासाला सगळे शरीर लाकडासारखे होते. पुढे कुजण्याची क्रिया सुरू होऊन ते पुन्हा सैल पडायला दीड-दोन दिवस जातात.

गंमत अशी की चित्रपटानेही नेमके बारा तासच निवडले आहेत, पण उलट्या दिशेने. ज्या घटकेला खरे प्रेत सर्वांत कडक असायला हवे, त्या घटकेला येथली प्रेते वितळून जातात. खरा रॉजर चौथ्या तासाला बोलू शकला नसता आणि आठव्या तासाला गुडघा वाकवू शकला नसता, म्हणजे पाठलाग करण्याची भाषाच सोडा. एक गोष्ट मात्र जमली आहे, ती म्हणजे चेहऱ्याचा फिकटपणा. हृदय थांबले की रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली साचते, त्यामुळे उभ्याने फिरणाऱ्या प्रेताचा चेहरा पांढराफटक पडेल आणि पायांचे व हातांचे पंजे जांभळे होतील. पंजांकडे रंगभूषाकारांनी लक्ष दिलेले नाही. गोळी लागल्यावर रक्ताची चिळकांडी न उडणे हेही तर्काला धरून आहे, कारण ती उडवणारा दाबच शरीरात नसतो.

हे सगळे मी तक्रार म्हणून सांगत नाही. उलट, मित्राच्या शरीराचा एकेक सांधा तासागणिक बंद पडत चालला आहे, आणि जोडीदाराला त्याला प्रथम हात धरून, मग खांद्यावर टाकून आणि शेवटी फळीवर ठेवून न्यावे लागते आहे, असा चित्रपट केला असता तर त्यातली मैत्री आणि विनोद दोन्ही अधिक खरे झाले असते असे मला राहून राहून वाटते.

मागची रांग

निदान यांनी सांगितलेला तो चित्रपट मी पहिल्या दिवशी पाहीन.

खाटकाची सुरी

एवढ्या चर्चेत अजून कोणी मांसाच्या दुकानाचा उल्लेख केला नाही, याचे मला आश्चर्य वाटते, कारण माझ्या मते या एका प्रसंगासाठी हा चित्रपट जपून ठेवावा. चायनाटाउनमधील एका खाटकाच्या दुकानात दोघे गेलेले असताना तेथे दडवलेले पुनरुज्जीवनाचे यंत्र सुरू होते आणि दुकानातले सगळे मांस जिवंत होते. आकड्यांना टांगलेली, सोललेली बदके फडफडू लागतात, थाळीतले डुक्कर हलते, आणि शेवटी शीतगृहातून मुंडके नसलेले, सोललेले गुराचे अख्खे धड चालून येऊन रॉजरवर कोसळते. त्या धडाची चाल नीट पाहा. त्याला डोळे नाहीत, त्यामुळे ते आधी चुकीच्या बाजूला धडकते, मग वळते, आणि त्याच्या वजनाने फळ्या मोडतात तेव्हा ते वजन खरे वाटते. संगणकीय करामतीचा काळ अजून यायचा होता. स्टीव्ह जॉन्सन यांच्या चमूने हे सगळे रबर, तारा आणि कळसूत्री सांगाडे वापरून उभे केले आहे. प्रकाशही काळजीपूर्वक टाकलेला आहे, आणि छायालेखक रॉबर्ट यिओमन यांनी पुढे वेस अँडरसन यांच्या चित्रपटांतून जे नाव कमावले ते पाहता त्याचे नवल वाटू नये.

या प्रसंगात डगच्या कोट्या मला मुळीच खटकल्या नाहीत. एरवी त्याच्या बडबडीशी दृश्याचा मेळ बसत नाही. येथे दृश्यच इतके अचाट आहे की गप्प राहिलेला माणूस खोटा वाटला असता.

दुसरी बाजू

रँडी जेम्सविषयी कोणी काहीच का लिहीत नाही? लिंडसे फ्रॉस्ट यांनी साकारलेली ही तरुणी औषध कंपनीत पाहुण्यांना इमारत दाखवण्याचे काम करते, पुढे रॉजर आणि डग यांच्याबरोबर तपासात ओढली जाते, आणि शेवटी कळते की तीही अगोदरच मेलेली असून यंत्रावरच उठवलेली आहे. मग रॉजरच्या डोळ्यांदेखत ती सडून जाते. गाल आत जातो, कातडी काळवंडून सुटते, केस गळतात, आणि बोलता बोलता समोरची स्त्री सांगाडा होऊन कोसळते. रॉजर स्वतःचे उद्याचे मरण त्या क्षणी समोर पाहतो आहे. सबंध चित्रपटात मला भीती वाटली ती येथेच, आणि रडू आले तेही येथेच.

माझी तक्रार अशी की एवढा प्रसंग हातात असूनही लेखकाने तिला व्यक्ती म्हणून काहीही दिलेले नाही. ती कशी मेली, उठल्यावर तिला काय वाटले, बारा तास संपत आले आहेत हे ठाऊक असताना ती या दोघांबरोबर का हिंडली, यांपैकी एकही प्रश्न तिला कोणी विचारत नाही. मैत्री फक्त दोन पुरुषांची असते आणि बाईचे शरीर फक्त कुजून दाखवण्यासाठी असते, हा या प्रकारच्या चित्रपटांचा जुना रोग आहे. खरे तर रॉजरची अवस्था ज्याला आतून कळू शकते असे एकच पात्र कथेत आहे आणि ते रँडीचे आहे. खरी जोडगोळी त्या दोघांची होती, ती कोणाच्या लक्षातच आली नाही.

रात्रीचा खेळ (धागाकर्ता)

दुसरी बाजू यांचा शेवटचा परिच्छेद वाचून मी खरोखर थबकलो. दोन मेलेली माणसे एकमेकांना सावरत आहेत आणि तिसरा जिवंत माणूस बाहेरून विनोद करतो आहे, अशी मांडणी झाली असती तर डगची बडबडसुद्धा करुण वाटली असती, हे मला मान्य करावे लागेल. कातरकाम यांचा मुद्दाही पटला; दोष वाक्याचा की वाक्यानंतरच्या जागेचा, हे तपासण्यासाठी पुन्हा एकदा पाहतो आणि मगच बोलतो.

जुनी रिळे

कथेचा सांगाडा १९५० च्या 'डी. ओ. ए.' या चित्रपटावरून घेतलेला आहे, आणि 'डेड हीट'ने ते ऋण लपवलेले नाही. एका प्रसंगी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तोच चित्रपट चालू असलेला दिसतो. त्यात विषप्रयोग झालेला एक सामान्य हिशेबनीस पोलिसांकडे येऊन एका खुनाची तक्रार नोंदवतो आणि खून कोणाचा झाला असे विचारल्यावर स्वतःकडे बोट दाखवतो. पण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट ही की त्या हिशेबनिसाचे नाव फ्रँक बिगेलो होते. लेखकाने हे आडनाव मेलेल्या रॉजरला न देता जिवंत डगला दिले आहे. ज्याला जुना चित्रपट आठवतो त्याला पहिल्या दहा मिनिटांतच सूचना मिळते की या जोडीतला मरणारा बिगेलोही आहे. आणि तसेच होते, कारण पुढे डगचे डोके माशांच्या टाकीत बुडवून त्याला ठार मारलेले आढळते. म्हणजे इतका वेळ ज्याला आपण जिवंत बाजूचा प्रतिनिधी समजत होतो तोही रांगेतच उभा होता. धागाकर्त्यांना डगच्या कोट्या दुसऱ्या वेळीही तितक्याच नकोशा झाल्या याचे मला नवल वाटते, कारण शेवट ठाऊक असताना त्या मला फार वेगळ्या ऐकू आल्या.

कलावंतांच्या निवडीतही अशीच खोड आहे. खलनायक असलेले मुख्य शवचिकित्सक डॉ. मॅकनॅब यांची भूमिका डॅरेन मॅकगॅविन यांनी केली आहे, आणि १९७४-७५ मधील 'कोल्चॅक' या मालिकेत हेच मॅकगॅविन राक्षस व पिशाच्चे यांच्या मागावर असलेले वार्ताहर होते. येथे तेच ती तयार करतात. खाटकाच्या त्या दुकानाचा मालक थूल झालेले की ल्यूक 'ग्रेम्लिन्स'मध्येही एका गूढ दुकानाचे मालक होते. आणि मेला समजला गेलेला धनाढ्य लाउडरमिल्क म्हणून व्हिन्सेंट प्राइस प्रकटतात, तेव्हा साताठ वाक्यांत ते सगळा पडदा व्यापतात. वयाची सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर भयपटांत वावरलेला हा नट म्हातारपणी श्रीमंतांना अमरत्व विकतो आहे, यात काही वेगळे सुचवावे लागत नाही.

फुकटचा मजूर

प्राइस यांचा तो प्रसंग निघालाच आहे तर त्यातील व्यवहार पाहा. यंत्र एकच आहे, पण मरणोत्तर आयुष्य दोन प्रतींचे आहे. गुन्हेगारांची प्रेते उठवून त्यांच्याकडून दरोडे घालून घेतले जातात. त्यांना स्वतःची इच्छा नाही आणि वाटाही नाही, आणि शरीर फुटले की दुसरे प्रेत आणता येते. त्याच यंत्राचे टिकाऊ आयुष्य मात्र धनिकांना विकायला काढले आहे. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'नंतर माणसे खाणारी, कोणाचीच आज्ञा न मानणारी प्रेतांची टोळी हीच प्रतिमा रूढ झाली. पण त्यापूर्वी पडद्यावरचे जिवंत प्रेत म्हणजे मालकाने कामाला जुंपलेले मढे असे. १९३२ च्या 'व्हाइट झोम्बी'मध्ये हैतीतल्या साखरेच्या कारखान्यात राबणारी प्रेते आठवावीत. ही कल्पना मुळात गुलामगिरी भोगलेल्या लोकांची, म्हणजे मेल्यावरही सुटका नाही या भयातून आलेली. 'डेड हीट' तिच्याजवळ पोहोचतो, एक चिमटा काढतो आणि पुन्हा गोळीबाराकडे धावतो. निदान चिमटा तरी काढला.

अलंकार

थोडे शास्त्र. संस्कृत काव्यशास्त्रकार विश्वनाथाने आपल्या 'साहित्यदर्पणा'त हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण हे दोन रस सांगितले आहेत. बीभत्साचे नाव त्या यादीत नाही. या फूटपट्टीने पाहिले तर धाग्यातील बहुतेक वाद आपोआप जागेवर बसतात. खाटकाच्या दुकानात हास्य आणि बीभत्स शेजारी येतात आणि सुखाने नांदतात. गोळ्या लागूनही न पडणारी दोन प्रेते समोरासमोर उभी राहून एकमेकांवर बंदुका रिकाम्या करतात, तेव्हाही तसेच. रॉजरच्या मृत्यूवर आणि त्याच्या उठण्यावर मात्र करुण उभा राहू पाहतो, आणि तेथे डगने तोंड उघडले की ठिणगी उडते. रँडीच्या वेळी ती उडत नाही. आता प्रश्न एवढाच उरतो की 'अमेरिकन वेअरवुल्फ'मधील जॅकच्या भेटीत करुण आणि हास्य एकत्र कसे टिकले, आणि त्याचे उत्तर विश्वनाथाकडे आहे असे मला वाटत नाही.

रात्रीचा खेळ (धागाकर्ता)

काल रात्री तिसऱ्यांदा पाहिला. कबूल केल्याप्रमाणे डगच्या प्रत्येक कोटीनंतर थांबून, मागे जाऊन पाहिले, आणि कातरकाम यांचे निरीक्षण अचूक आहे. निदान तीन ठिकाणी विल्यम्स यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुरू झालेले असते आणि ते पूर्ण होण्याआधीच चित्र बदलते. एका ठिकाणी तर ओठ बोलण्यासाठी उघडलेले आहेत. त्या नटाकडून मिळालेले किती काही कापून टाकले गेले असेल, या विचाराने हळहळ वाटली.

पण मला लिहायचे आहे ते शेवटाविषयी. डगला मारून मॅकनॅब त्याला यंत्रावर उठवतो, आणि इतका वेळ गुदमरून पडल्यामुळे त्याचा मेंदू गेलेला आहे. तो समोर येतो तेव्हा दगडासारखा असतो. सांगितले ते करणारा, ओळख विसरलेला आणि गप्प. अख्ख्या चित्रपटात प्रथमच डग गप्प आहे. आणि ज्याने तोपर्यंत मोजके बोलून भागवले त्या रॉजरला आता बोलावे लागते, पूर्वीच्या खुणा सांगाव्या लागतात, जोडीदाराचे काम अंगावर घ्यावे लागते, तेव्हा कोठे डगच्या डोळ्यांत ओळख येते. वेताळाचे उदाहरण मीच दिले होते आणि ते मीच अर्धवट पाहिले होते. माझ्या पहिल्या दोन वेळच्या चिडचिडीमुळे ते मौन मला ऐकूच आले नव्हते. डग बोलायचा थांबला याचे मला त्या वेळी हायसे वाटले असावे, हे लिहिताना थोडी लाज वाटते.

त्यानंतर मॅकनॅब स्वतःला गोळी घालून सुटू पाहतो आणि हे दोघे त्याला पुन्हा उठवून यंत्र फुटेपर्यंत चालवतात, तो भाग नेहमीसारखाच उथळ वाटला. मग यंत्र संपलेले, वेळ संपलेला, आणि दोन कुजलेले अधिकारी पुढच्या जन्मी काय व्हायचे याविषयी गप्पा मारत उजेडाच्या दिशेने चालत जातात. डगची शेवटची कोटी अत्यंत पांचट आहे. कॅमेरा मात्र तेथे थांबतो, दोघांच्या पाठी दिसत राहतात, आणि रॉजर त्या कोटीला उत्तर देतो.

जुनी रिळे

शर्यतीत दोन घोडे एकाच क्षणी रेषेवर पोहोचले आणि निकाल देता आला नाही की त्याला इंग्रजीत 'डेड हीट' म्हणतात. शीर्षकाचा हा अर्थ मी पहिल्या प्रतिसादात लिहिणार होतो आणि विसरलो.

अर्ध्यावर सोडला

मी मांसाच्या दुकानापर्यंतही पोहोचलो नव्हतो, हे आता लक्षात आले. या रविवारी जेथे सोडला होता तेथून पुढे पाहतो.